मेजेर्दा: ट्युनिशियाची नदी आणि तिचा गाळ

ट्युनिसमध्ये नळाचं पाणी किंचित मचूळ लागतं. चहात फारसं कळत नाही, पण डाळ शिजायला वेळ लागतो, आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो तो व्हिनेगर टाकल्याशिवाय निघत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे राहायला आलो तेव्हापासून हे पाणी येतं कुठून याचा मी जरा पिच्छाच पुरवलाय. समुद्र इतका जवळ असूनही हा खारटपणा समुद्राचा नाहीये. तो येतो आत, शे-दीडशे किलोमीटरवरच्या डोंगरांमधून, जिथे जमिनीत ट्रायासिक काळातले (म्हणजे वीसेक कोटी वर्षांपूर्वीचे) जिप्समचे आणि मिठाचे थर आहेत. ते थर धुऊन आणणारी नदी म्हणजे मेजेर्दा, आणि आज तिच्याबद्दलच लिहायचंय. उत्तर आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे सगळं नाईलवर येऊन थांबतं आणि या बिचारीचं नावसुद्धा कोणी ऐकलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नदी तशी लहानच. जेमतेम ४६० किलोमीटर, म्हणजे आपल्या भीमेच्या साधारण निम्मी. उगम अल्जीरियात, सूक अहरास गावाच्या डोंगराळ भागात. हे सूक अहरास म्हणजेच जुनं थागास्ते, जिथे इ.स. ३५४ मध्ये संत ऑगस्टीनचा जन्म झाला. तिथेच आइन दालिया नावाचं धरण आहे, त्यामुळे अल्जीरिया आपला वाटा तिथेच काढून घेतो, मग घारदिमाऊजवळ नदी ट्युनिशियात शिरते आणि ईशान्येकडे वाहत वाहत ट्युनिसच्या आखाताला मिळते. यातले साधारण ३५० किलोमीटर ट्युनिशियात. आणि बारमाही म्हणावी अशी मोठी नदी या अख्ख्या देशात ही एकच आहे. बाकीचे सगळे ओढे, पाऊस पडला की दोन दिवस धो धो आणि मग नुसते दगड.

आता गंमत अशी की तिचे दोन काठ म्हणजे दोन वेगळे देश वाटावेत. डावीकडे, म्हणजे उत्तरेला, क्रूमिरीचे डोंगर आहेत, बुचाच्या ओकची जंगलं, तिथल्या आइन द्राहमला वर्षाला पंधराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. त्या बाजूने येणाऱ्या बू हर्तमा, कसेब वगैरे उपनद्यांचं पाणी गोड. उजवीकडे, दक्षिणेला, सगळं कोरडं, उघडे बोडके डोंगर, तिथून मेलेग, तेसा आणि सिलियाना येतात. मेलेग सगळ्यात मोठी, तीही अल्जीरियातूनच येते, आणि तीच मीठ आणते, तीच गाळ आणते. म्हणजे नळातलं पाणी किती मचूळ लागणार हे त्या वर्षी कुठल्या बाजूला जास्त पाऊस झाला त्यावर ठरतं. पाणी खातं उत्तरेकडच्या सेजनान आणि जूमीन धरणांचं गोड पाणी पाईपलाईनने आणून यात मिसळतं, तेव्हा कुठे ते पिण्यालायक होतं.

मला या नदीचं सगळं समजायला लागलं ते गाळाकडे बघायला लागल्यावर. पाणी काय, येतं आणि जातं. गाळ मात्र राहतो. घारदिमाऊपासून जेन्दुबा, बू सालेमपर्यंत जो सपाट पट्टा आहे तो सगळा याच नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. भारी, चिकण माती, पावसाळ्यात (म्हणजे इथल्या हिवाळ्यात) बूट त्यात रुतून बसतात. रोमन लोकांच्या वेळी आफ्रिकेतून जहाजं भरभरून रोमला जायचा त्या गव्हाचा मोठा भाग या खोऱ्यातला आणि शेजारच्या बेजा भागातला. आजही इथे तेच, पास्ता आणि कुसकुसचा कडक गहू, जोडीला बार्ली, शुगर बीट, टोमॅटो, चाऱ्याची पिकं, खाली तेबुर्बाकडे ऑलिव्ह आणि आर्टिचोक. मार्चमध्ये ट्रेनने गेलं की दोन्ही बाजूंना नुसता हिरवा गहू. ट्युनिस ते घारदिमाऊ ही रेल्वे फ्रेंच कंपनीने १८८० च्या आसपास टाकली ती याच खोऱ्यातून, कारण डोंगरातून आरपार जायला दुसरी सोपी वाटच नाही.

जेन्दुबाच्या पुढे शेमतू नावाची जागा आहे, तिथे मी खूप वेळ काढला. रोमन नाव सिमितुस. इथल्या टेकडीत पिवळा संगमरवर निघायचा, मधासारखा पिवळा आणि त्यात गुलाबी-लाल शिरा. आधी नुमिडियाच्या (रोमनांच्या आधीच्या इथल्या राज्याच्या) राजांनी टेकडीवर स्मारक बांधायला वापरला, मग रोमनांनी खाणीच ताब्यात घेतल्या आणि सम्राटाच्या मालकीच्या करून टाकल्या. रोमच्या पँथिऑनमध्ये जे पिवळे खांब दिसतात ते या दगडाचे. खाणीतून काढलेल्या प्रत्येक ठोकळ्यावर नंबर कोरायचे, कुठल्या भागातून काढला, कोणत्या सम्राटाच्या काळात, सगळं. इतका माल हलवायचा तर नदी ओलांडायला पूल हवाच, तो सम्राट ट्राजानच्या काळात, इ.स. ११२ मध्ये सैनिकांनी बांधला. पुढे पुराने तो पाडला. त्याचे मोठमोठे दगडी तुकडे आजही पात्रात आडवे-तिडवे पडलेत आणि नदी त्यांना वळसा घालून जाते.

पण माझा जीव अडकला तो पुलाशेजारच्या पीठगिरणीत. तीन अरुंद दगडी विहिरीसारखे गोल खड्डे, प्रत्येकात तळाशी एक आडवं लाकडी चाक असायचं. पाण्याचा पाट निमुळता होत होत खड्ड्यात बाजूने शिरायचा, थेट चाकावर आदळायचा नाही तर कडेकडेने घुसायचा, त्यामुळे आतलं सगळं पाणी गरगर फिरायला लागायचं आणि त्या भोवऱ्यात बुडालेलं चाक फिरायचं, आणि त्याच दांड्यावर वरच्या बाजूला दळायचं जातं बसवलेलं. दातेरी चाकं नाहीत, काही नाही. थोडक्यात काय तर टर्बाइन! तिसऱ्या शतकाचा शेवट किंवा चौथ्याची सुरुवात. अशीच दुसरी गिरणी याच नदीवर खाली तेस्तूरला सापडली आहे, आणि या प्रकारच्या सगळ्यात जुन्या गिरण्यांमध्ये या दोन्ही मोजल्या जातात. याचं कारणही नदीतच आहे असं मला वाटतं. उन्हाळ्यात पाणी इतकं कमी की साधं उभं चाक फिरायचंच नाही, तेव्हा आहे त्या थोड्या पाण्यातून जास्तीत जास्त जोर काढायचा तर डोकं चालवावंच लागणार. मी त्या खड्ड्याच्या काठावर वाकून पाट कुठून वळतो ते बोटाने दाखवत होते तर तिथला राखणदार काका आला आणि हाताने गरागरा फिरवून दाखवत, अरबी-फ्रेंच मिसळून, सगळं परत समजावून सांगितलं. त्याला ते किती प्रिय आहे हे भाषा न कळताही कळत होतं.

तिथून खाली आलं की सिदी सालेम धरण. १९८१ साली पूर्ण झालं, देशातलं सगळ्यात मोठं. क्षमता ५८० दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण साडेवीस टीएमसी. पुण्याच्या चार धरणांची साखळी मिळून २९ टीएमसी होते, आणि इथे अख्ख्या देशाचं सगळ्यात मोठं धरण साडेवीसचं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या देशाकडे पाणी किती कमी आहे. या धरणातून पाणी नदीनेच खाली लारूसियाच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून मेजेर्दा-काप बों कॅनॉल सुरू होतो, १२० किलोमीटरचा. त्यावर ट्युनिस शहर पितं, काप बों द्वीपकल्पातल्या संत्र्या-लिंबाच्या बागा जगतात, आणि पुढे पाईपने किनाऱ्याकिनाऱ्याने साहेल (हा इथला पूर्व किनाऱ्याचा पट्टा, वाळवंटाकडचा साहेल नव्हे) आणि स्फाक्सपर्यंत पाणी जातं. म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगरात पडलेला पाऊस देशाच्या पार मध्यापर्यंत पोचतो. आणि ज्या जिल्ह्यांमधून हे पाणी निघतं, जेन्दुबा, केफ, बेजा, ते देशातले गरीब जिल्हे आहेत, तिथल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर अजून घरात नळ नाही, बायका गाढवावर कॅन लादून झऱ्यावर जातात. हे बघून मला फार राग येतो. धरणाच्या उशाला राहून तहानलेलं असणं काय असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

२०२३ मध्ये सलग दुष्काळानंतर हे धरण १६ टक्क्यांवर आलं होतं. ३१ मार्चपासून सरकारने रात्री ९ ते पहाटे ४ पाणी बंद केलं, शेतीला पिण्याचं पाणी वापरायला, गाड्या धुवायला, रस्ते धुवायला सगळ्याला बंदी. रमजान चालू होता. आमच्या मजल्यावर एक ‘खालती’ राहतात (अरबीत खालती म्हणजे मावशी, सगळी बिल्डिंग त्यांना तेच म्हणते, मीपण), त्या इफ्तारची भांडी नऊच्या आत घासून व्हावीत म्हणून घाई करायच्या आणि मग पहाटेच्या जेवणासाठी बादल्या, पातेली, पाच लिटरच्या ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या बाटल्या, जे मिळेल ते भरून ठेवायच्या. त्यांचं माहेर बू सालेमचं. त्या म्हणाल्या, आमच्या गावाला नदीने बुडवलंय किती वेळा आणि आता इथे तीच नदी नळाला येत नाही.

बू सालेमचं दुखणं खरंच मोठं आहे. मेलेग जिथे मेजेर्दाला मिळते त्याच्या जरा खाली हे गाव, १९७३, २००३, २०१२, दरवेळी पाणी घरात. वाटतं की धरण झाल्यावर पूर कमी व्हायला हवेत, काही प्रमाणात झालेही, पण गाळाने डाव उलटवला. धरणाच्या फुगवट्याला नदीचा वेग मंदावतो, गाळ तिथेच बसतो आणि वरचं पात्र उथळ होत जातं. खालच्या बाजूला वेगळीच गोष्ट, तिथे पूर्वीसारखं दरवर्षी जोराचं पाणी येऊन पात्र धुऊन निघत नाही, मग पात्र आकसतं, त्यात झाऊची झुडपं माजतात, आणि मग २००३ सारख्या वर्षी धरणातून पाणी सोडायची वेळ आली की तेवढं पाणी वाहून न्यायला नदीत जागाच उरलेली नसते, मेजेझ अल बाबपासून जेदेइदापर्यंत शेतंच्या शेतं पाण्याखाली. मेलेगवरचं नेबरचं धरण १९५० च्या दशकातलं, ते तर गाळाने इतकं भरलंय की वरच्या अंगाला नवीन धरण बांधायला घ्यावं लागलं.

तेस्तूरबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहायची आहे. स्पेनमधून हाकललेल्या मोरिस्को (म्हणजे तिथल्या मूळच्या मुसलमान) लोकांनी सतराव्या शतकात वसवलेलं गाव, डाळिंबांसाठी प्रसिद्ध, मशिदीच्या मिनारावर उलटं चालणारं घड्याळ. हे लोक अंदालुसियातून पाणी वापरायची कला घेऊन आले आणि मेजेर्दाच्या काठाने त्यांची गावंच्या गावं उभी राहिली. तेबुर्बाजवळच्या अल बतानला नदीवर त्या शतकाच्या शेवटी पूल आणि बंधारा एकत्र बांधला, आणि त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर लोकर कुटायची गिरणी. ट्युनिशियाची ती लाल टोपी असते ना, शेशिया, ती आधी पांढऱ्या लोकरीची भलीमोठी सैल विणतात, घातली तर खांद्यापर्यंत येईल अशी. मग ती अल बतानला आणायची, गरम पाणी, साबण आणि लाकडी हातोडे, कुटून कुटून ती आटून निम्मी होते आणि विणीचे टाकेच दिसेनासे होतात. पुढे काटेरी बोंडांनी घासून तिची लव वर काढायची, जघुआनला रंगवायची आणि मग ट्युनिसच्या जुन्या बाजारात शेवटचा हात. मी बाजारात एका दुकानात कच्ची आणि तयार टोपी शेजारी ठेवून बघितली, एकाच धाग्याच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. एकेकाळी या टोप्या पार इस्तंबूलपर्यंत जायच्या, म्हणजे मेजेर्दाच्या पाण्यावर नुसता गहू नाही तर निर्यातीचा धंदा उभा होता.

मेजेझ अल बाबला दुसऱ्या महायुद्धाची मोठी दफनभूमी आहे. १९४२-४३ चा हिवाळा दोन्ही सैन्यं या खोऱ्यात चिखलात अडकून पडली होती, कारण ट्युनिसला जायचा सोपा रस्ता हाच. ६ मे १९४३ च्या पहाटे शेवटचा हल्ला इथूनच झाला आणि त्यात आपली चौथी इंडियन डिव्हिजन पुढे होती, दुसऱ्या दिवशी ट्युनिस पडलं, आणि १२ मेला जर्मन सेनापती फॉन आर्निमने शरणागती पत्करली ती याच डिव्हिजनकडे. भारतातून आलेल्या माणसाने इथे थोडा वेळ थांबायलाच हवं.

आता नदीचं मुख. युटिका हे फिनिशियन लोकांचं बंदर, परंपरेने कार्थेजपेक्षाही (ट्युनिसजवळचं त्यांचंच मोठं शहर, रोमचा जुना शत्रू) जुनं मानतात, कार्थेज जळाल्यावर रोमनांच्या आफ्रिका प्रांताची राजधानी. आज तिथे उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. चारी बाजूंना शेतं, मेंढ्या, आणि पाणी दहाएक किलोमीटर लांब. मेजेर्दाने आणलेल्या गाळाने अख्खी खाडी भरून टाकली, बंदर मेलं. जवळच्या कलात अल अंदलूसला इ.स.पू. २०४ मध्ये रोमन सेनापती सिपिओने समुद्रात घुसलेल्या उंचवट्यावर छावणी टाकली होती, तो उंचवटाही आता जमिनीत गडप. याच नदीकाठी पहिल्या प्युनिक युद्धात (रोम विरुद्ध कार्थेज) रेग्युलसच्या रोमन सैन्याला प्रचंड अजगर आडवा आला आणि दगड फेकायच्या यंत्रांनी मारावा लागला अशी कथा आहे, रोमन लेखक प्लिनी त्याची लांबी १२० फूट सांगतो आणि कातडं रोमला नेऊन ठेवलं होतं म्हणतो. नदीचा लोकांना धाक वाटायचा एवढं तर त्यातून कळतं.

युटिकानंतर पाळी आली घार अल मेल्हची. हे चाच्यांचं बंदर, १६५५ मध्ये इंग्लिश ॲडमिरल रॉबर्ट ब्लेकने येऊन तिथली जहाजं जाळली होती. किल्ले अजून आहेत, बंदर मात्र गाळाने उथळ होऊन खाजण झालं, आता तिथे छोट्या मासेमारी होड्या आणि पक्षी. पुढे पुराचं पाणी काढून द्यायला माणसांनी वेगळा चर खणला, तर १९७३ च्या पुरानंतर नदीने जुनं मुख सोडून तोच धरला.

पण त्याच घार अल मेल्हच्या खाजणाकाठी मी जे बघितलं ते बाकी कुठेच बघितलं नाही. रमली शेती. जमीन नव्हती म्हणून त्या मोरिस्को वंशजांनीच खाजणात वाळू टाकून शेतं तयार केली. खाली खारं पाणी आहे. वर पावसाचं गोड पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे दुधावर साय धरावी तसं खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भरती आली की खालचं खारं पाणी वर सरकतं, त्याबरोबर गोड पाण्याचा थरही वर येतो आणि मुळांना लागतो, ओहोटी लागली की खाली जातो. समुद्रच दिवसातून दोनदा पाणी देतो! विहीर नाही, पंप नाही. सगळं कसब वाळूच्या थराच्या जाडीत, चार बोटं कमी झाला तर मुळं खाऱ्या पाण्यात, जास्त झाला तर पाणी पोचतच नाही, म्हणून दरवर्षी वाळू आणि शेणखत घालून पातळी राखतात, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वेताची कुंपणं. बटाटे, कांदे, घेवडा असं काढतात. एका आजोबांनी हात कोपरापर्यंत वाळूत घालून ओली मूठ माझ्यापुढे धरली आणि चाखून बघ म्हणाले. गोड पाणी होतं. २०२० मध्ये एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. समुद्राची पातळी वाढतेय त्याची इथल्या शेतकऱ्यांना खरी काळजी आहे, कारण इथे सगळं बोटांच्या हिशोबावर चालतं.

हे सगळं बघून माझं मत पक्कं झालंय की या नदीचा प्रश्न खोऱ्यात सुटणारच नाही, तो वर डोंगरउतारावर आहे. धरण भरलं की दुसरं धरण, हे किती दिवस चालणार? मेलेगच्या बाजूचे उतार नांगरून, चारून उघडे पडलेत, एक जोराचा पाऊस आला की माती सरळ नदीत. १९९० च्या दशकात सरकारने उतारांवर समतल बांध आणि छोटे छोटे डोंगरतळी बांधायचा मोठा कार्यक्रम घेतला, शेकडो तळी झाली, काही गाळाने भरली पण जिथे गावाने वर झाडं लावली तिथे ती टिकून आहेत. पैसा तिकडे जायला हवा, बेजा-केफच्या त्या गरीब शेतकऱ्यांच्या हातात, कारण माती अडवली तर ट्युनिसचं पाणीही वाचेल आणि बू सालेमही.

कोणी ट्युनिशियाला येणार असाल तर मार्च-एप्रिल धरा. ट्युनिसहून जेन्दुबापर्यंत ट्रेन, तिथून टॅक्सीने बुल्ला रेजिया (जुन्या रोमन शहराचे अवशेष) आणि शेमतू एका दिवसात होतं, शेमतूचं म्युझियम छान आहे, घाई करू नका. युटिका आणि घार अल मेल्ह दुसऱ्या दिवशी, बिझर्टच्या रस्त्याने, लुआज म्हणजे शेअर व्हॅन मिळते पण युटिकाचे अवशेष मेन रोडपासून आत आहेत तेव्हा स्वतःची गाडी असेल तर बरं. रमलीच्या शेतात न विचारता पाय ठेवू नका, वाळू दबली की त्यांचं मोजमाप बिघडतं.